वैर कोण सांभाळतं?

(डोलवी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपंचमीची कहाणी तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. शेतकरी शेतात नांगर धरतो. शेतात वारूळ असतं. फाळ वारुळात घुसतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. नागीण परत येते, मेलेली पिल्लं बघते, फाळाला लागलेलं रक्त बघते आणि त्याच रात्री शेतकऱ्याच्या घरात शिरून सगळ्यांना डसते. तेवढ्यानं तिचा राग शमत नाही. शेतकऱ्याची एक लेक परगावी दिलेली आहे, तिलाही संपवायचं म्हणून ती निघते. जाऊन बघते तर लेकीनं पाटावर चंदनानं नाग काढलेत, पुढे दूध आणि लाह्या ठेवल्यात आणि ती हात जोडून बसली आहे. नागीण तो नैवेद्य घेते. लेकीला विचारते, तू कोणाची? मग सगळा उलगडा होतो. नागीण अमृत देते, लेक माहेरी जाऊन सगळ्यांना उठवते. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही.

माणूस आणि नाग या दोन जमातींच्या वैराची ही गोष्ट आहे. तिच्यात वैराचं कारण अगदी स्पष्ट सांगितलंय. शेत करायला गेलेल्या माणसाचा नांगर दुसऱ्याच्या घरातून गेला. ‘नागांची जातच वाईट’ असं कहाणी कुठेही म्हणत नाही. हे आधी सांगतो, कारण आज ज्या गोष्टींबद्दल बोलायचंय त्यांपैकी पुष्कळ गोष्टी हे कारणच गाळून टाकतात.

विषय आहे अद्भुत कथांमधल्या जमातींच्या पिढीजात वैराचा. आपल्या घरातली मुलं आज मोबाईलवर जे खेळ खेळतात, जे चित्रपट बघतात, जी जाडजूड पुस्तकं वाचतात, त्यांत हा विषय पावलोपावली आहे. एल्फ आणि ड्वार्फ, माणसं आणि ऑर्क. दाढीवाले, डोंगर पोखरून भट्टीवर लोखंड ठोकणारे ड्वार्फ आणि रानात राहणारे सडपातळ, अमर एल्फ यांचं पटत नाही. का पटत नाही असं विचारलं तर मुलं सांगतात, ‘पहिल्यापासूनच पटत नाही.’ ‘वॉरहॅमर’ नावाच्या खेळातल्या ड्वार्फ लोकांकडे तर एक भलंमोठं वैराचं पुस्तकच असतं. आपल्या कुळाचा कोणी, कधी अपमान केला, ते त्यात पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलेलं असतं आणि सूड उगवल्याशिवाय नोंद खोडली जात नाही. १९७८ साली अमेरिकेत छापलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमपुस्तकात यावर कडी केलेली आहे. त्यात एक तक्ता आहे. उभ्या रकान्यात जमाती, आडव्या रकान्यात त्याच जमाती, आणि प्रत्येक चौकटीत एकेक अक्षर: या जमातीला त्या जमातीबद्दल स्नेह वाटतो, चालवून घेते, नावड आहे की द्वेष. ड्वार्फला एल्फबद्दल नावड, अर्ध्या ऑर्कबद्दल द्वेष. खेळायला बसलेल्या पोरानं आपलं पात्र अजून जन्मालाही घातलेलं नसतं आणि त्याचा द्वेष आधीच छापून तयार असतो.

या खेळांवर टीका करायला मी उभा नाही. त्यांतली कल्पकता मला आवडते. पण त्या तक्त्यातलं एकेक अक्षर कोणी भरलं आणि कशासाठी, हे आज विचारायचं आहे.

ज्यांच्या पुस्तकांतून हे सगळं जग निघालं त्या जे. आर. आर. टॉल्किन यांच्याकडे गेलो तर चित्र पुष्कळच वेगळं दिसतं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं आणि मुग्धा कर्णिक यांनी ते ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं मराठीत आणलं. टॉल्किनच्या जुन्या कथांमध्ये एल्फ-ड्वार्फ वैराला कारण आहे. एका एल्फ राजानं ड्वार्फ कारागिरांना आपल्या भांडारातलं अमूल्य रत्न एका हारात बसवायला सांगितलं. हार झाला. मग तो कोणाचा, यावरून वाद पेटला, राजा मारला गेला, त्याचा बदला घेतला गेला, आणि तिथून पुढे दोन जमाती एकमेकींची तोंडं बघेनात. कारागिरानं घडवलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, असं मूळ भांडण आहे. पोलादाच्या कारखान्याच्या सावलीतल्या या गावात त्याचं नवल वाटू नये.

पुढे मोठ्या कादंबरीत गिमली नावाचा ड्वार्फ एल्फांच्या रानाच्या वेशीवर येतो. तिथले पहारेकरी म्हणतात, बाकीचे खुशाल या, ड्वार्फच्या मात्र डोळ्यांवर पट्टी बांधू. गिमली कुऱ्हाडीला हात घालतो. तेव्हा वाटाड्या ॲरगॉर्न तोडगा काढतो, की मग आमच्या सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्ट्या बांधा. आता एल्फ असलेला लेगोलास चिडतो, कारण आपल्याच भावबंदांच्या रानात आंधळ्यासारखं चालायची पाळी त्याच्यावर येते. आत गेल्यावर एल्फांची राणी गिमलीशी बोलताना त्याच्या पूर्वजांच्या ठिकाणांची नावं त्याच्या भाषेत उच्चारते. त्या क्षणी गिमलीच्या मनातला दगड निघतो. पुढे तो आणि लेगोलास जिवाभावाचे मित्र होतात. अख्ख्या कादंबरीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही मैत्री.

ऑर्कांना मात्र अशी संधी मिळत नाही. ते येतात, मारले जातात, कोणी त्यांच्यासाठी थांबत नाही. एखादी जमातच्या जमात मुळातून दुष्ट असू शकते का, हा प्रश्न टॉल्किनला पुढे आयुष्यभर छळत राहिला. त्याचं समाधानकारक उत्तर त्याला सापडलं नाही, आणि सापडलं नाही हे त्यानं लपवलंही नाही. या प्रामाणिकपणामुळे मला तो मोठा वाटतो. त्याच्यामागून आलेल्या पुष्कळांनी त्याचे ऑर्क उचलले, त्याची तगमग उचलली नाही.

आता आपल्या घरात येऊ. पिढीजात वैराची आपल्याकडची सगळ्यांत मोठी गोष्ट महाभारताच्या दारातच आहे, आणि आपण ती ओलांडून थेट द्यूतसभेकडे पळतो. महाभारत सांगितलं जातं कुठे? जनमेजयाच्या दरबारात, सर्पसत्राच्या निमित्तानं. नागांचा निर्वंश करायला मांडलेल्या यज्ञाला ते चिकटलेलं आहे. हा यज्ञ का मांडला गेला, हे आदिपर्व शांतपणे, मागेमागे जात सांगतं.

सगळ्यांत मागे दोन बहिणी आहेत, कद्रू आणि विनता. दोघी कश्यपाच्या बायका. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीचा रंग कोणता, यावर त्यांची पैज लागते आणि हरेल तिनं दासी व्हायचं ठरतं. कद्रू आपल्या नागपुत्रांना सांगते, काळे केस होऊन शेपटीला लटका. जे ऐकत नाहीत त्यांना ती शाप देते, की जनमेजयाच्या यज्ञात जळाल. विनता दासी होते आणि तिचा मुलगा गरुड आईच्या सुटकेसाठी अमृत आणतो. गरुड आणि नाग हे जन्माचे वैरी, असं आपण सहज बोलून जातो. ते एका बापाचे मुलगे आहेत. देव आणि असुरही कश्यपाचेच, आया तेवढ्या वेगळ्या. आपल्या पुराणांत वैरी बाहेरून कुठून येत नाही, तो सख्खा नसला तरी सावत्र निघतोच. ज्यांच्या घरी सातबाऱ्यावर आठ-आठ नावं आहेत त्यांना यातलं मर्म मी समजावून सांगायची गरज नाही.

मग खांडववन. अर्जुन आणि कृष्ण अग्नीला रान खायला देतात आणि चारी बाजूंनी उभे राहून बाहेर पळणाऱ्या प्रत्येक प्राण्याला आत ढकलतात. तक्षक नाग त्या वेळी कुरुक्षेत्रावर गेलेला असतो. त्याची बायको मुलाला वाचवायला धडपडते आणि अर्जुनाच्या बाणानं मरते. मुलगा अश्वसेन निसटतो. मय नावाचा असुर शरण येतो आणि जीव वाचवल्याच्या बदल्यात पांडवांना राजसभा बांधून देतो. रान जाळून बेघर केलेल्याच्या हातून राजाची सभा उभी राहते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये, १९६७ साली, या प्रकरणाकडे पुराणातला चमत्कार म्हणून न बघता सरळ विचारलं, की इतकी निर्दय कत्तल का केली? त्यांचं उत्तर होतं जमीन. शेतीसाठी आणि राज्यासाठी रान मोकळं करायचं होतं. हे उत्तर वाचल्यावर नागपंचमीच्या कहाणीतला फाळ आठवल्याशिवाय राहत नाही.

तिसऱ्या पिढीत अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशानं मरतो. ग्रंथात त्याचं निमित्त वेगळं आहे. परीक्षितानं मौनात बसलेल्या शमीक ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि ऋषीच्या मुलानं शाप दिला. खांडववनाचा सूड म्हणून तक्षक आला, असं तिथे उघडपणे म्हटलेलं नाही. पण ज्यानं वाचताना रान जळताना पाहिलंय, तो हा दुवा मनात जोडल्याशिवाय राहत नाही.

यानंतर जे घडतं ते या साऱ्या विषयाचं मर्म आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जनमेजय राजा झालाय. तक्षशिला जिंकून परत आलाय. त्याच्या मनात नागांबद्दल काही नाही. तेव्हा उत्तंक नावाचा एक ब्राह्मण दरबारात येतो. या उत्तंकाचं तक्षकाशी स्वतःचं भांडण आहे. गुरुपत्नीसाठी तो राणीची कुंडलं घेऊन चालला असताना तक्षकानं ती पळवली होती. कुंडलं परत मिळाली, गुरुदक्षिणा पोचली, पण राग राहिला. उत्तंक राजाला म्हणतो, करायचं ते सोडून तू भलतंच काय करत बसलायस? तुझ्या बापाला तक्षकानं मारलं. सर्पसत्र कर, बापाचं ऋण फेडशील आणि माझंही काम होईल. हे ‘माझंही काम होईल’ तो राजाच्या तोंडावर सांगतो. मग राजा मंत्र्यांना विचारतो, माझा बाप कसा मेला ते मला सविस्तर सांगा. म्हणजे त्याला नीट ठाऊकही नव्हतं.

पिढ्यान् पिढ्यांचं वैर म्हणतात ते असं असतं. वारसाला त्याचा पत्ता नसतो. कोणीतरी येऊन ते त्याच्या हातात द्यावं लागतं आणि देणाऱ्याचा स्वतःचा काहीतरी हिशेब असतो. एका नागानं कुंडलं चोरली म्हणून साऱ्या नागकुळांचा होम. ज्या व्यासपरंपरेनं हे लिहिलं तिला हे कळत होतं. कारण आदिपर्वातच रुरूची गोष्ट आहे. रुरूच्या होणाऱ्या बायकोला साप चावला, म्हणून तो दिसेल त्या सापाला काठीनं मारत सुटतो. एकदा त्याच्या काठीखाली दिवड येतं, बिनविषारी. ते त्याला विचारतं, मी तुझं काय केलं? चावणारे साप वेगळे, मी तुला कधी काय केलंय?

जगातल्या अद्भुत कथांमध्ये हा प्रश्न इतका सरळ फार थोड्या वेळा विचारला गेलाय.

तुम्ही म्हणाल, हे गोष्टींपुरतं झालं. तसं ते गोष्टींपुरतं राहत नाही. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात माणसं मारली जात होती, तेव्हा युरोप-अमेरिकेतले शहाणे लोक म्हणत होते, हे शतकानुशतकांचं वैर आहे, तिथे बाहेरच्यानं काय करायचं? रॉबर्ट कॅप्लान यांचं ‘बाल्कन घोस्ट्स’ हे पुस्तक १९९३ मध्ये आलं, गाजलं, आणि या समजुतीला बळ देणारं म्हणून त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. सारायेवोत सर्ब, क्रोएट, बोस्नियाक घरं एकाच जिन्यावर होती, एकमेकांत लग्नं झालेली होती. तिथे वैर नव्यानं पेटवावं लागलं आणि ते पेटवणाऱ्यांची नावं पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या आरोपपत्रांत आली. पण एकदा ‘हे पहिल्यापासूनच आहे’ म्हटलं की उत्तंकाकडे बघायची गरज उरत नाही.

आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे आणि ते बोलताना मला जड जातं. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो गुन्हेगार, त्यानं पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. ऑर्क ही कल्पना कादंबरीत यायच्या कितीतरी आधी सरकारी दप्तरात आली होती. रामोशी, पारधी, कैकाडी आणि कित्येक जमाती या कायद्याखाली भरडल्या गेल्या. आपले कातकरीही त्यात आले. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरून गेला, पण नजरेतून गेला का? लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० सालचं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ सालचं. दोन्ही पुस्तकं साहित्य अकादमीनं गौरवली. ती वाचली की ती नजर किती चिवट आहे हे कळतं. एखाद्या वाडीजवळ चोरी झाली की पहिलं बोट कोणाकडे जातं, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कातकऱ्यांच्या परंपरेत असं सांगतात, की रावणाविरुद्ध लढायला रामानं जी वानरसेना नेली, तिचे आपण वंशज. जुन्या गॅझेटियरांतही त्याची नोंद आहे. विचार करा. रामायणातल्या राक्षस-वानर युद्धात जी बाजू जिंकली, ती यांची. त्यांच्या वाट्याला काय आलं? खैराचा कात काढायचे, तो धंदा रानाच्या कायद्यांनी गेला. कोळसा पाडला, मग वीटभट्टीवर गेले, उचल घेऊन पावसाळा काढायचा आणि मग भट्टीवर ती फेडायची. कित्येक वाड्यांच्या पायाखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. खांडववनाची गोष्ट इतकी जुनी असून पेण, सुधागड, रोह्यात ती वाचताना जुनी वाटत नाही, त्याचं कारण हे.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्यात त्यांनी दशावतार उलटे करून सांगितले. देव जिंकले, असुर हरले, ही गोष्ट हरलेल्याच्या बाजूनं सांगितली तर कशी दिसेल? बळी हा प्रजेचा रक्षणकर्ता राजा आणि वामन कपटानं त्याला गाडणारा. मराठीत पुराणकथेची अशी उलथापालथ करण्याचं धाडस त्याआधी कोणी केलं नव्हतं. आजकाल इंग्रजीत राक्षसाच्या, खलनायकाच्या बाजूनं लिहिलेल्या कादंबऱ्यांचं पेव फुटलंय. आपल्याकडे एका माळ्याच्या मुलानं दीडशे वर्षांपूर्वी ते केलं, आणि करमणुकीसाठी केलं नाही.

मुळात लोकांच्या मनातही हे होतंच. नरकचतुर्दशीला कोकणात पहाटे अंघोळ झाली की तुळशीसमोर कारीट अंगठ्यानं फोडतात, तो नरकासुर. गोव्यात त्याचे मोठमोठे पुतळे जाळतात. आणि अवघ्या दोन दिवसांनी पाडव्याला ओवाळणी करताना आयाबाया म्हणतात, बळीचं राज्य येवो. एकाच दिवाळीत एका असुराला पायाखाली चिरडायचं आणि दुसऱ्याचं राज्य मागायचं! ज्यांनी हे सण घडवले त्यांनी असुर नावाच्या साऱ्या जमातीला एका चौकटीत बसवलं नव्हतं. मला ही विसंगती फार मोलाची वाटते.

तरीही फुल्यांच्या मांडणीत एक अडचण होती. त्या काळी युरोपातून आर्य वंशाचा सिद्धांत आला होता, आणि त्यावर ती उभी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात तो वंशाचा पाया साफ नाकारला. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरातल्या भाषणात त्यांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना नाग लोकांची आठवण काढली. आर्यांनी नागांना जाळलं, अगस्ती मुनीनं त्यांतला एक वाचवला, त्याचे आपण वंशज, अशी कथा सांगितली. काहींना यात विरोध दिसतो, मला दिसत नाही. वंश म्हणून वैर नाकारायचं आणि जळालेल्यांची आठवण जपायची, या दोन गोष्टी एकत्र करता येतात. त्या एकत्र करणं अवघड आहे एवढंच. आठवण सुटली की अन्याय झाकला जातो. वंश धरून बसलं की उत्तंकाच्या हाती आणखी एक यज्ञ सापडतो.

या भागाच्या इतिहासात याची दोन चांगली उदाहरणं आहेत. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. नारायण नागू पाटील यांचं नेतृत्व होतं आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुळांमध्ये आगरी समाज मोठा होता, खोत-सावकारांमध्ये वरच्या जातींतले लोक. हे भांडण जातीचं आहे असं म्हणून पेटवणं सोपं होतं. संपकऱ्यांनी ते खंडावर आणि जमिनीवर धरून ठेवलं, खारीची शेतं पडीक ठेवून उपाशी राहिले आणि शेवटी कूळ कायद्याकडे जाणारा रस्ता उघडला. दुसरं उदाहरण पेण तालुक्यातल्या गागोद्याचं. तिथे १८९५ साली विनोबा जन्मले. १९५१ च्या एप्रिलमध्ये ते तेलंगणात पोचमपल्लीला पोचले तेव्हा जमीनदार आणि भूमिहीन यांच्यात रक्त सांडून झालेलं होतं. विनोबांनी दलित वस्तीत जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांनी ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी नावाच्या गृहस्थानं तिथल्या तिथे शंभर एकर देऊ केली. भूदानात पुढे पुष्कळ पडीक जमीन आली, कित्येक दानपत्रं कागदावरच राहिली, हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण तो प्रश्न योग्य होता. ‘तुमचं वैर किती जुनं?’ असं न विचारता ‘किती एकर?’ असं विचारणारा माणूस या तालुक्यातला होता, याचा मला अभिमान वाटतो. जमिनीच्या प्रश्नावर २००८ साली बावीस गावांत मतदान झालेल्या पेण तालुक्यात हे बोलतोय, तेव्हा अधिक फोड करत नाही.

आता वैर थांबतं कसं, याबद्दल. जेजुरीची गोष्ट घ्या. मणी आणि मल्ल हे दैत्य बंधू. मार्तंडभैरव त्यांच्याशी लढतो. मणी मरताना क्षमा मागतो, आणि देव त्याला आपल्याजवळ जागा देतो. जेजुरीला जाणाऱ्या भाविकाचा नमस्कार मणीलाही पोचतो. हरलेल्याला देवळात जागा देणं ही आपल्या लोकधर्माची फार मोठी रीत आहे. ती पुरेशी आहे का? मला वाटतं, नाही. कारण मणीला क्षमा मागावी लागली, शरण यावं लागलं. जिंकणाऱ्यानं दिलेली ती जागा आहे.

आस्तिकाची गोष्ट याहून पुढे जाते. जरत्कारू नावाचा ऋषी आणि वासुकीची बहीण, तिचंही नाव जरत्कारू, यांचा तो मुलगा. बाप माणूस, आई नाग. सर्पसत्र भर भरात असतं, साप हजारोंनी आगीत पडत असतात, तक्षक इंद्राच्या आसऱ्याला गेलेला असतो आणि मंत्रांनी तोही खेचला जात असतो. हा कोवळा मुलगा मंडपात येतो, राजाची स्तुती करतो, राजा वर देतो आणि तो मागतो: यज्ञ थांबव. राजा म्हणतो, सोनं माग, गाई माग. तो म्हणतो, नको, थांबव. नागांचा विजय तो मागत नाही, परीक्षिताच्या मृत्यूची भरपाईही मागत नाही. साप दिसला की आपल्या आज्या ‘आस्तिक, आस्तिक’ म्हणायच्या, तो हा. दोन्ही बाजूंचं रक्त अंगात असलेल्याच्या हातूनच हे काम होतं, हे महाभारताला कळलेलं होतं. अरुण कोलटकर यांनी २००४ मध्ये आलेल्या ‘सर्प सत्र’ या इंग्रजी दीर्घकवितेत त्याच्या आईला, जरत्कारूला, बोलतं केलं. एवढ्या मोठ्या मराठी कवीला शेवटच्या काळात याच कथेकडे जावंसं वाटलं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

या गावात आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची कुटुंबं राहतात. त्यांची मुलं इथल्याच शाळांत मराठी वाचतात. आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर आणि ही नवी मुलं एकाच बाकावर बसतात. यांतल्या कोणाच्या मनात कोणाबद्दल काय भरलं जातंय, याकडे मोठ्यांनी लक्ष ठेवायला हवं, कारण उत्तंक दरबारात गोड बोलत येतो.

या मुलांपैकी काहींना गोष्टी लिहायच्या असतात, हे मी शाळांमध्ये जातो तेव्हा पाहतो. ती ड्वार्फ आणि एल्फ लिहितात. लिहू देत. मी त्यांना एवढंच सुचवतो, की दोन जमाती भांडताना दाखवल्यास तर ते भांडण कोणत्या शेताचं, कोणत्या रानाचं, कोणत्या मजुरीचं, हे आधी स्वतःला विचार. आणि एक कादंबरी माझ्या वाचनात अजून आलेली नाही, ती कोणीतरी लिहावी अशी माझी फार इच्छा आहे. रामाच्या बाजूनं लढलेले वानर लंकेहून परत आले. सेतू बांधणारे हात त्यांचे, मेलेले भाऊ त्यांचे. राज्याभिषेक झाला, ते आपल्या रानात परतले. तिथे खैर कोणाच्या नावावर झाला होता? वाडीखालची जमीन कोणी लिहून घेतली होती? आणि ज्या राक्षसांना त्यांनी मारलं, त्यांच्या बायकामुलांशी त्यांची पुढे कधी गाठ पडली का? ही कादंबरी मराठीत यावी, आणि लिहिणारी मुलगी याच खाडीकाठच्या एखाद्या वाडीतली असावी.